वर्ग उभा राहतो ते पान

पुस्तकाला कव्हर नव्हतं, म्हणून त्याला नावही नव्हतं. संत्र्याच्या पेट्यांत घालायला दादाजींनी नागपूरहून रद्दीचे गठ्ठे आणले, त्यातल्या एकात ते निघालं. पेटीत जायचं ते त्यांच्या लेकीच्या, वच्छलाच्या हाती पडलं आणि सौसरच्या हायस्कुलातल्या नववीच्या वर्गाला खूळ लागलं. खूळच म्हणायचं, दुसरा शब्द नाही त्याला.

गोष्ट कुठल्याशा मोठ्या शहरातल्या हायस्कुलाची होती. त्यात भांडणं होती, परीक्षा होत्या, गॅदरिंग होतं; पण सगळ्यांचा जीव अडकला होता तो शेवटाकडच्या एका पानात. सुधाकर नावाच्या पोराच्या हातून प्रयोगशाळेला आग लागते. हेडमास्तर विचारतात, कोणी केलं? सुधाकर उठणार तेवढ्यात नलिनी उठते, 'सर, मी.' मग मागचा बाक वाजतो, 'सर, मी.' मग त्याच्या मागचा. बघता बघता सगळा वर्ग उभा, आणि हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी. मधल्या सुट्टीत लिंबाखाली बसून पोरी ते पान मोठ्यानं वाचायच्या आणि पदरा-ओढण्यांनी डोळे पुसायच्या. वच्छलाची मैत्रीण जयश्री तर दोनदा वाचूनही पुन्हा मागायची. पोरांकडे पुस्तक जायचं ते तिच्या भावाच्या हातून. श्रीकांत तिच्याहून मोठा, पण एकदा नापास होऊन तिच्याच वर्गात येऊन बसलेला. "आपल्या वर्गावर अशी पाळी आली तर आपणबी असंच करू," हे त्यानंच म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलवायला काय जातं कोणाचं.

घरी वच्छला तेच पुस्तक मायला वाचून दाखवायची. मनकर्णाला अक्षराची ओळख नव्हती. दिवाळी तोंडावर आली होती, म्हणून ती वाती वळत ऐकायची आणि मधेच थांबवायची.

"त्या नलिनीच्या बापानं काही म्हटलं नाही काय वं?"

पुस्तकात नलिनीला बापच नव्हता. वच्छलाला होता. दादाजी तसे वाईट नव्हते, पण बोलले ते बोलले. "मास्तराची एक तक्रार आली का शाळा बंद," असं त्यांनी आठवीतच बजावलं होतं, आणि रामाकोना गावचं स्थळ अजून हो-नाही न म्हणता टांगून ठेवलं होतं. वच्छलाला तर मॅट्रिक व्हायचं होतं. त्यापुढे तिला काही दिसत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं.

दिवसही असे चमत्कारिक होते. राज्यांच्या नव्या वाटणीत महिना संपला की सौसर-पांढुर्ण्याची नागपूरशी फारकत होणार होती, कचेऱ्यांचे कागद आता भोपाळला जाणार होते. जयश्री-श्रीकांतचे वडील पुंडलिकराव तहसिलीत कारकून. बदलीचा हुकूम या बाजूचा येतो की त्या बाजूचा, या घोरानं त्यांचं जेवणावरून मन उडालं होतं.

अशात एका सकाळी शाळेच्या नव्यानं चुना मारलेल्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं निघालं: 'आमचं गाव कोणाला विचारून दिलं?' नेमके त्याच दिवशी शिक्षणखात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी ते वाचलं आणि हेडमास्तर यशवंतरावांना चारचौघांत नको ते सुनावून गेले.

गेरूचा डबा नववीच्या खिडकीखाली सापडला होता. यशवंतराव वर्गात आले ते तापलेलेच.

"कोणी लिहिलं?"

श्रीकांतच्या नखांत लाल रेघ होती. वच्छलाला ती तिच्या बाकावरून दिसत होती, आणि यशवंतरावांची नजर एकेका बाकावरून फिरत त्याच्याकडेच चालली होती.

वच्छला उभी राहिली.

"सर, मी."

खोटं कशाला सांगायचं, तिला तेव्हा भीती वाटलीच नाही. तिला पुढचं सगळं पाठ होतं. आता मागचा बाक वाजणार होता. ती कान देऊन उभी राहिली. बाक वाजला नाही. शेजारी जयश्री टाकाच्या निबेनं आपलंच बोट टोचत बसली होती. श्रीकांतनं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते. ज्यांनी ज्यांनी ते पान रडून भिजवलं होतं, ती सारी मंडळी कोऱ्या फळ्याकडे बघत होती. तेव्हा कुठं वच्छलाला बाबांचे शब्द आठवले.

"उद्या वडिलांना घेऊन ये," यशवंतराव म्हणाले.

दादाजी संत्री घेऊन नागपूरला गेले होते. वच्छलानं घरी येऊन मायला सगळं सांगितलं, श्रीकांतची नखंसुद्धा. मनकर्णानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अन् बाकीचे?"

दुसऱ्या दिवशी मनकर्णा ठेवणीतलं लुगडं नेसून वर्गाच्या दारात उभी.

"इचे बाबा गावी गेले गुरुजी," ती म्हणाली. "अन् भितीवरचं म्या लिवलं."

वर्ग हसला. हसणारच. यशवंतराव मात्र भडकले. त्यांनी खडू उचलून तिच्या हातात दिला. "लिहा पाहू मग."

मनकर्णा फळ्यापुढे गेली. वात वळावी तसा तिनं खडू बोटांत फिरवला. मग पदर सावरून म्हणाली, "भितीवर जमलं होतं जी. इथं इतके लोक पाहून राह्यले, इथं नाही जमत."

आता कोणी हसलं नाही. वच्छलाला लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं होतं, आणि त्याच वेळी आपल्या मायचा अभिमानही वाटत होता.

यशवंतरावांचा आवाज उतरला. "हे बघा बाई, पोरीचं अक्षर मला ओळखू येतं. तिनं लिहिलेलं नाही. पण मला वर एक नाव कळवायचं आहे. ज्यानं लिहिलं त्याचं नाव तिनं सांगावं, मी तिला शाळेत ठेवतो. नाहीतर हिचंच नाव जाईल आणि शाळेतून कमी करावं लागेल. माझाही इलाज नाही."

पुस्तकातल्या हेडमास्तरांनी हे विचारलंच नव्हतं. वच्छलानं श्रीकांतकडे पाहिलं नाही, नुसतं पाहिलं असतं तरी सांगितल्यासारखं झालं असतं. शाळेसाठी तिचा जीव तुटत होता. तिनं मायकडे पाहिलं. माय 'सांग' म्हणाली असती तर तिनं त्या क्षणी सांगून टाकलं असतं.

मनकर्णानं खडू टेबलावर ठेवला.

"तिनं सांगतलं ना गुरुजी. म्याबी सांगतलं. अजून कोनाले सांगाचं असन तर सांगू द्या."

आणि ती वर्गाकडे तोंड करून थांबली. चांगली थांबली. बाहेर नत्थूजी चपराशी भिंतीवर पुन्हा चुना मारत होता, त्याच्या कुंच्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग तिनं लेकीचं दप्तर उचललं आणि दोघी घरी आल्या.

संध्याकाळी जयश्री पुस्तक परत करायला आली. मनकर्णा वाती वळत होती, वच्छला तिच्याजवळ नुसतीच बसली होती. उद्याच्या गाडीनं दादाजी येणार आणि परवा रामाकोन्याला होकार जाणार, हे न बोलता दोघींनाही कळलेलं होतं.

जयश्रीचे डोळे सुजलेले होते. ती दारातूनच म्हणाली, "वच्छले, ते पान मी पुन्हा वाचलं. सगळा वर्ग उभा राहते ना, ते. खूप रडली मी."

वच्छलाच्या डोक्यात सणक गेली. पुस्तक तिच्या हातून हिसकून चुलीत घालावं असं वाटलं, पण तिच्यानं उठवलं नाही. जयश्री पुटपुटली, "बाबांचा हुकूम यायचाच आहे अजून. त्यात श्रीकांतचं नाव वर गेलं असतं तर..." आणि पुस्तक छातीशी धरून तशीच दारात राहिली.

मनकर्णानं मान वर न करता कापूस थोडा पुढे सरकवला.

"बस पोरी," ती म्हणाली. "किती वेळ उभी राह्यशीन."

जयश्री बसली.