डबा खाली आहे

हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा विश्वनाथरावांच्या एका गालावर अजून साबणाचा फेस होता. त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, सुनीतीच्या साखरपुड्यासाठी मुलाकडची पाच माणसं मंगळवारीच दिल्लीला येऊन थडकली होती. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एवढ्यांची सोय कुठून होणार, म्हणून नोएडातल्या एका बऱ्यापैकी हॉटेलात त्यांच्यासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. आज गुरुवार होता, आणि साखरपुडा शनिवारी सकाळी अकराला, त्याच हॉटेलच्या हॉलमध्ये.

मॅनेजरने आधी भरपूर माफी मागून घेतली. मग तो मुद्द्यावर आला. पाहुण्यांतल्या वयस्कर मॅडम दोन दिवस नाश्त्याच्या हॉलमधून स्टीलचा डबा भरून नेत होत्या. हॉलमध्ये बसून तडस लागेपर्यंत खा, पण बाहेर काही न्यायचं नाही, असा तिथला नियम होता आणि दारावर तशी पाटीही होती.

"साहब, बात इडली की नहीं है," तो म्हणाला. "मैंने पूछा तो मैडम बोलीं, डब्बा खाली है. छह इडली थीं उसमें. मैंने अपनी आँखों से देखीं."

विश्वनाथरावांनी त्याला 'देखता हूँ' म्हणून वाटेला लावलं आणि उरलेली दाढी करताना हनुवटी कापून घेतली.

नाश्त्यातलं उचलून नेण्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं अशातला भाग नाही. उलट त्यांची स्वतःची एक आचारसंहिता होती. केळं किंवा सफरचंद खिशात घालायला हरकत नाही. नातवंडासाठी कागदी रुमालात एखादा केक गुंडाळला तर वेटरने दुसरीकडे बघावं. सिमल्याला खुद्द अरुणाने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दोन पराठे पर्समध्ये टाकले होते आणि ते त्यांनीच गाडीत खाल्ले होते. पण घरून डबा घेऊन जायचं म्हणजे आधीपासून ठरवून जायचं. आणि भरलेला डबा हातात धरून तो रिकामा आहे म्हणून सांगायचं, याला त्यांच्या संहितेत जागाच नव्हती. ज्या घरात मुलगी द्यायची, त्या घरची बाई सहा इडल्यांसाठी धडधडीत खोटं बोलते, हे त्यांच्या जिवाला लागलं.

त्यांचा तरी काय दोष. एका मंत्रालयाच्या दक्षता विभागात त्यांनी छत्तीस वर्षं संशय घेण्याचा पगार घेतला होता, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम बिनपगारी चालू ठेवलं होतं. दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, समोरच्या फ्लॅटमधले भाडेकरू, सगळ्यांची फाइल त्यांच्या डोक्यात तयार असे. सुनीतीची दोन स्थळं याच पायी गेली होती. एका मुलाच्या नोकरीत आठ महिन्यांचा खंड होता. विश्वनाथरावांनी तो असा काही लावून धरला की मुलाने आजारी वडिलांची शुश्रूषा केली होती हे कळेपर्यंत मुलगा हातचा गेला. दुसऱ्या घरच्यांना समजलं की हे गृहस्थ आपल्या कॉलनीत येऊन इस्त्रीवाल्याला प्रश्न विचारून गेले, आणि त्यांनीच नकार कळवला. सुनीती तेव्हा काही बोलली नव्हती. आता ती बत्तीस वर्षांची होती, तिच्या गुरुग्रामच्या ऑफिसात बाहेरगावच्या शाखेतून कामाला आलेल्या अविनाशला तिने स्वतः शोधलं होतं, आणि घरी सांगण्याआधी तिने वडिलांकडून वचन घेतलं होतं की यावेळी कसलीही चौकशी करायची नाही.

विश्वनाथरावांनी वचन दिलं होतं. शुक्रवारी सकाळी ते हॉटेलात गेले ते चौकशीला नव्हे, नुसते नाश्त्याला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पाचही पाहुणे एका टेबलावर होते. अविनाश, त्याचे वडील भाऊसाहेब, आई प्रमोदिनीबाई, बहीण आणि मेव्हणा. भाऊसाहेबांनी आग्रह करकरून त्यांना बसवून घेतलं. पोह्यांवर दिल्लीत लिंबू का पिळत नाहीत यावर ते बोलत राहिले, आणि विश्वनाथराव 'बिल्कुल, बिल्कुल' करत तिकडे पाठमोऱ्या प्रमोदिनीबाईंवर नजर ठेवून होते. बाईंनी पिशवीतून डबा काढला. चार इडल्या, दोन पुऱ्या, बटाट्याची भाजी. मग त्या पलीकडच्या टेबलाशी गेल्या, चिमटा लांब धरला, तोंड जरा बाजूला फिरवलं, आणि दोन उकडलेली अंडी डब्यात टाकली.

विश्वनाथरावांच्या हातातला चमचा तिथेच थांबला. आमच्या घरात अंडं येत नाही, असं पहिल्याच फोनवर प्रमोदिनीबाईंनी सांगितलं होतं. साखरपुड्याचा केकसुद्धा त्यामुळे बिनअंड्याचा ठरला होता. बाई डबा घेऊन लिफ्टकडे गेल्या आणि पंधरा मिनिटांनी परत आल्या तेव्हा डबा धुतलेला होता. पाचही माणसं तर इथे बसून खात होती. मग ही अंडी कुणी खाल्ली?

सहावं माणूस होतं, याबद्दल त्यांना आता शंका उरली नाही. खोलीत कुणीतरी होतं, जे नाश्त्याला आणण्यासारखं नव्हतं आणि मुलीकडच्यांना दाखवण्यासारखंही नव्हतं. वेडसर भाऊ असेल. अविनाश चौतीस वर्षांचा घोडा झाला तरी इतकी वर्षं बिनलग्नाचा कसा राहिला? कदाचित राहिलाच नसेल. रिसेप्शनवर त्यांनी गोड बोलून रजिस्टर बघितलं. दोन खोल्या, पाच नावं. लपवायचं म्हटल्यावर नाव कोण लिहील, म्हणून त्यांचा संशय आणखीच पक्का झाला.

मग त्यांना दीनानाथची आठवण झाली. दीनानाथ त्यांचा नऊ वर्षांचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, अबोल माणूस. मंगळवारपासून गाडीसकट त्याला पाहुण्यांच्या दिमतीला दिलं होतं. सकाळी सहाला हॉटेलवर हजर व्हायचं, पाहुणे कधी बोलावतील सांगता येत नाही, तेव्हा गाडी सोडून हलायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद होती. पाहुण्यांना दुपारपर्यंत गाडी नको होती, म्हणून तोच साहेबांना घरी सोडायला निघाला, आणि वाटेत विश्वनाथरावांनी त्याला आडून आडून विचारलं. मॅडमच्या हातात डबा दिसतो का, तो जातो कुठे, खोलीत आणखी कुणी आहे का. दीनानाथने आरशातून एकदा मागे बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली.

"मैंने कुछ नहीं देखा, साहब," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

कान लाल होण्याचा अर्थ विश्वनाथरावांना शिकवायला नको होता. नऊ वर्षांचा माणूस तीन दिवसांत फोडला म्हणजे काय समजायचं? त्याचं तोंड कशाने बंद केलंय, हे काढायलाच हवं होतं. त्यांनी त्याला उद्या सकाळी डोळे उघडे ठेवायला सांगितलं, आणि तो 'जी' म्हणाला.

घरी अरुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि असेल कुणाला भूक, असं म्हणून त्या आहेराच्या साड्या लावत बसल्या. सुनीतीने मात्र दारातून ऐकलं होतं. ती आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"बाबा, तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

अंड्याचं काय, ते त्यांनी तिला विचारलं. अविनाशला एकदा सरळ विचार, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. खरं असेल तर तो सांगेल. सुनीतीने विचारणार नाही म्हणून सांगितलं. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच अरुणाबाईंनी हातातली साडी बाजूला ठेवली.

"पहिल्या वेळी मला वाटलं, तुम्हाला माझी काळजी आहे. दुसऱ्या वेळी पण तेच वाटलं. आता तिसऱ्यांदा असं झालं ना, तर मी लग्न करीन नाही तर नाही, पण या घरात राहणार नाही. इतकंच."

विश्वनाथराव रात्रभर कूस बदलत राहिले. मुलगी दुरावेल याची भीती होतीच. पण ती सहाव्या माणसाच्या घरात जाऊन पडेल ही भीती मोठी निघाली, आणि सकाळी उठताना त्यांनी ठरवून टाकलं की बापाने वाईट व्हायचं ते अंगठी घालण्याच्या आधीच व्हावं.

शनिवारी नऊ वाजता तिघंही हॉटेलात पोचली. अरुणाबाई सजावट बघायला हॉलकडे गेल्या. सुनीती हिरव्या पैठणीत लिफ्टपाशी अविनाशच्या बहिणीशी बोलत होती. नाश्त्याच्या हॉलमधून प्रमोदिनीबाई बाहेर आल्या, नऊवारीतल्या, हातात तोच डबा. मागून भाऊसाहेब येत होते. मॅनेजर दाराशी उभा राहून छताकडे बघत होता. विश्वनाथराव पुढे झाले आणि लिफ्टच्या तोंडाशी आडवे उभे राहिले.

"प्रमोदिनीताई, एक विचारायचं होतं. या डब्यात काय आहे?"

बाईंनी पदर सावरला. त्यांना बहुधा वाटलं, हे चेष्टा करताहेत.

"परवा तुम्ही मॅनेजरला सांगितलंत, डबा खाली आहे म्हणून," विश्वनाथरावांचा ऑफिसातला आवाज आपसूक लागला होता. "आज उघडून दाखवा. आणि तुमच्या खोलीत जे कुणी आहे, त्यांनाही आता समोर येऊ द्या. माझी एकुलती एक मुलगी आहे. मला समजायला हवं."

सुनीतीने "बाबा" म्हटलं, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. भाऊसाहेब जागच्या जागी थांबले. प्रमोदिनीबाईंना राग येण्याआधी कोडं पडलं होतं.

"खालीच आहे की," त्या म्हणाल्या. "म्हणजे, खालीच चाललाय. या मॅनेजरनं विचारलं, किधर, म्हणून मी म्हटलं, खाली. बोट करून दाखवलं. मला काय मेलीला हिंदी धड येतंय होय."

विश्वनाथरावांना ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांच्या मानेपासून वर सगळं गरम होत गेलं. चाळीस वर्षं दिल्लीत काढलेला हा माणूस. सुनीती लहानपणी 'ग्लास खाली झाला' म्हणायची, तेव्हा रिकामा झाला म्हण, खाली म्हणजे खालच्या बाजूला, आपण मराठी माणसं आहोत, असं तिला दटावणारे हेच. तोच शब्द मॅनेजरच्या तोंडून आला आणि तो बाईंचा मराठी शब्द असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

"खाली कोण आहे?" त्यांनी विचारलं. आवाज आता निम्म्यावर आला होता.

"चला, दाखवते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या बाजूने लिफ्टमध्ये शिरल्या. सुनीतीही शिरली.

तळघरातल्या पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली विश्वनाथरावांची स्वतःची पांढरी गाडी उभी होती. दार उघडं टाकून दीनानाथ बाहेर पाय सोडून बसला होता. मांडीवर त्याने वर्तमानपत्राचं पान पसरून ठेवलं होतं. साहेबांना बघून तो ताडकन उठला आणि ते पान त्याने पाठीमागे लपवलं.

"पहिल्या दिवशी लाल किल्ला बघायला निघालो," प्रमोदिनीबाई हळू आवाजात सांगू लागल्या, "तेव्हा या दीनानाथभाऊंच्या पोटातला आवाज मागच्या सीटवर मला ऐकू आला. पहाटे पाचला घर सोडतात. वर ड्रायव्हर लोकांना घेत नाहीत, आणि गाडी सोडून जायचं नाही म्हणून चहासुद्धा नाही. अंडी चालतात का म्हणून मीच खुणेनं विचारलं. तुम्हाला सांगणार होते. पण पाहुणी येऊन तुमच्या माणसाची भूक तुम्हाला दाखवते, हे बरं दिसलं नसतं. तुम्हाला ओशाळं वाटलं असतं."

विश्वनाथराव दीनानाथकडे वळले. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण त्याआधीच तो बोलायला लागला होता, दोन्ही हात पाठीमागे ठेवून, भराभर.

"साहब, मैंने माँगा नहीं था. कसम से. मैडमजी खुद लाती थीं. कल आपने पूछा तो मैं डर गया. आज से नहीं लूँगा, साहब."

हा सूर विश्वनाथरावांच्या ओळखीचा होता. छत्तीस वर्षं टेबलापलीकडून लोक त्यांच्याशी याच सुरात बोलत आले होते, आणि दर वेळी त्यांनी तो गुन्ह्याचा पुरावा म्हणून लिहून घेतला होता. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. "नहीं, नहीं, तुम खाओ," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि तेही हुकमासारखंच वाटलं. दीनानाथने डबा हातात घेतला, पण तो उघडेना.

सुनीती प्रमोदिनीबाईंकडे बघत होती. "काकू," ती म्हणाली, "आता साखरपुडा..."

"अकराचा मुहूर्त आहे ना? मग अकरालाच." बाईंनी तिच्या पैठणीची निरी जरा सारखी केली. "आमची सोयरीक तुझ्याशी आहे बाई. तुझ्या बाबांचं मी भाऊसाहेबांना समजावीन, वेळ लागेल, पण समजावीन."

त्या लिफ्टकडे चालू लागल्या. विश्वनाथराव हलले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती आणि ती कुठून सुरू करतात हे त्यांना सापडत नव्हतं. निदान माणूस पहिला घास खाईपर्यंत आपण थांबावं, असं त्यांच्या मनात होतं. दीनानाथ बंद डबा छातीशी धरून ताठ उभा होता.

सुनीतीने वडिलांच्या कोपराला हात लावला. त्या हातात राग नव्हता, आणि मायाही नव्हती.

"बाबा, तुम्ही वर जा," ती म्हणाली. "तुम्ही इथे उभे आहात तोवर ते खाणार नाहीत."