दर्शनाच्या मापाची

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. खाली वाकलेलं हँडल, बोटभर रुंदीचे टायर आणि अंगकाठी बुटकी. या बुटकेपणाने माझं अर्धं आयुष्य खाल्लं. उरलेलं कोणी खाल्लं, ते सांगते.

कुवेतला नोकरी करणाऱ्या अलीने मला खोक्यात घालून रत्नागिरीला आणलं, आपल्या मुलासाठी, हमझासाठी. मिरकरवाडा बंदराच्या रस्त्यावर मासळीसाठी बर्फ नेणाऱ्या गाड्यांना मागे टाकत तो मला पळवायचा. पण दोन पावसाळ्यांत पोरगा ताडासारखा वाढला, गुडघे हँडलला लागू लागले, आणि मी आप्पांच्या जुन्या सायकलींच्या दुकानात आले. तिथे तीन वर्षं हुकाला लटकले. गिऱ्हाईक यायचं, टांग टाकायचं आणि हसायचं. "ही तर लहान पोरांची." मी लहान पोरांची नव्हते, मित्रांनो. पण हे सांगायला मला तोंड नव्हतं.

मग एके दिवशी पावस गावची दर्शना आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, उंची जेमतेम चार फूट नऊ इंच.

"कोणासाठी हवी गो?" आप्पांनी विचारलं.

"माझ्यासाठीच. आप्पा, चिपळूण झालं, कोल्हापूर झालं. सगळीकडे म्हणतात, सीट खाली घे, चालेल. सीट खाली घेऊन हात लांब होतात का?"

आप्पांनी मला हुकावरून उतरवलं, सीट जरा पुढे सरकवली आणि हँडल धरून उभे राहिले. दर्शना माझ्यावर टांग टाकून उभी राहिली. तिचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. मग तिने हात पुढे केले, आणि बोटं सहज ब्रेकवर पोचली. ती तशीच थांबून राहिली.

"आप्पा, पाठ ताणत नाही," ती हळूच म्हणाली.

त्यानंतरचं एक वर्ष माझं सुखाचं. रोज सकाळी आम्ही पावसहून निघायचो, गोळपचा चढ चढून, भाट्याच्या पुलावरून शहर गाठायचो. दर्शना घरी आली की आधी माझी साखळी पुसायची, खारा वारा लोखंडाला खातो म्हणून. राज्याच्या सायकलिंग संघाची निवड चाचणी होळीनंतर होती. तिची वेळ दर आठवड्याला कमी होत होती.

शिमग्याला तिचा थोरला भाऊ गुरुप्रसाद मुंबईहून घरी आला. सहा फुटांना दोन बोटं कमी. दुपारी दर्शना शेजारी गेली असताना त्याने मला पडवीतून बाहेर काढलं.

"अरे, तिला विचार तरी," आई म्हणाली.

"एक चक्कर मारून येतो. खाणार आहे का तिची सायकल?"

सीट त्याला फारच खाली होत होती. त्याने सीटची नळी वर ओढली. नळीवर एक रेघ कोरलेली असते, याच्या वर काढू नका म्हणून. रेघ वर आली, दिसली, आणि तरी तो ओढत राहिला. मग पूर्णगडच्या रस्त्यावर एका खड्ड्यात त्याचं सगळं वजन माझ्या मानेवर, सीटची नळी जिथे आत शिरते तिथे, आलं. कट् असा आवाज झाला.

तो उतरला. सीटखाली बोट फिरवलं. केसाएवढी भेग होती, बोटाला लागली. त्याने नळी पुन्हा खाली केली, मला ढकलत घरी आणलं, फडक्याने पुसलं आणि भेगेची बाजू भिंतीकडे करून उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो मुंबईला गेला.

दर्शनाला फक्त कुरकुर ऐकू आली. "सीट वाजतेय गो आई," ती म्हणाली आणि तिने तेल सोडलं. मी अजून जोरात कुरकुरले. मला तेवढंच येत होतं.

चाचणीला चार दिवस होते. गोळपच्या उतारावर माझी मान तुटली. दर्शना कडेच्या दगडांवर आपटली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

आई म्हणाली, "मी म्हटलंच होतं, जुनी सायकल ती जुनीच." शेजारीही तेच म्हणाले. मित्रांनो, दोष माझ्यावर आला.

हात गळ्यात बांधून दर्शना मला आप्पांकडे घेऊन आली. आप्पांनी नळी बाहेर काढली आणि तिच्यावरचे ताजे ओरखडे पाहिले.

"रेघेच्या वर इथवर काढलेली. तू काढलीस?"

"माझे पाय पोचतील का तिथून?" दर्शना म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. तिने तिथूनच भावाला फोन लावला आणि रेघेबद्दल विचारलं.

गुरुप्रसाद म्हणाला, "मला वाटलं, चाचणीपर्यंत निभेल. हे बघ, मी तुला दुसरी घेऊन देतो. कुठलीही सांग."

"दादा, कुठलीही मला बसत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी ॲल्युमिनियमची. जोडलं तरी भरवसा नाही, असं आप्पांनी सांगितलं. माझी चाकं दुसऱ्या सायकलला गेली, साखळीही गेली, आणि माझा सांगाडा पुन्हा हुकाला लटकला. दर्शनाचं हाड सांधलं. पुढच्या वर्षी तिचं वय चाचणीत बसलं नाही. आता ती पावसहून एसटीने येते. आप्पांच्या दुकानासमोरून जाताना ती आत पाहत नाही.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू विचारून घ्या, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. मी एवढंच अधिक सांगते: हातून मोडली तर मोडली म्हणा. त्याच संध्याकाळी गुरुप्रसादने तोंड उघडलं असतं, तरी मी मोडलेलीच राहिले असते. पण दर्शना पडली नसती.