लाइफ खाल्ली

रविवारी दुपारी दोन वाजता संदेशने कपाटावरून धुळकट खोका खाली काढला, आणि श्रियाने मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. पोरगी अकरा वर्षांची. सकाळी दहापासून सोफ्यावर पाय घेऊन बसलेली, आणि चार तासांत तिच्या तोंडून वाक्यं निघालेली तीन. भूक नाही, चार्जर कुठाय, वायफाय स्लो आहे. संदेशचा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला.

टांगणीला लागणार नाही तर काय! दोन वर्षांपूर्वी तो डोंबिवलीचं घर सोडून ठाण्यात बाळकुमला भाड्याच्या खोलीत आला. तेव्हापासून लेक महिन्यातून दोन रविवार त्याची, दहा ते सहा. बाकी सगळे दिवस आईकडे, म्हणजे दीप्तीकडे, दीप्तीच्या आईवडिलांच्या घरी. आणि उद्या सोमवारी कोर्टातल्या समुपदेशक मॅडम श्रियाला एकटीला आत बसवून विचारणार होत्या, बाळा, तुला पप्पांकडे जायचंय का? ती नको म्हणाली की रविवार गेलेच समजा. वकील मंदाकिनीबाईंनी वर बजावून ठेवलेलं, "उद्याचा विषय मुलीपुढे काढायचाच नाही हं. शिकवून पाठवलीत असा नुसता वास आला तरी संपलं." म्हणजे जे विचारायला जीव तडफडतोय नेमकं तेच विचारायचं नाही. घ्या!

खोक्यात त्याचा लहानपणचा टीव्ही गेम होता. हा सल्ला प्रीतमचा. प्रीतम म्हणजे वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात त्याच्या शेजारच्या लेथवरचा माणूस, दोन पोरींचा बाप. तो म्हणालेला, "मॉलबिल सोड. तुझे जुने गेम दे तिला खेळायला. पण ओळीने दे रे बाबा. आधी विटावाला, मग टँकवाला, शेवटी जंगलवाला. पहिलाच अवघड दिलास तर परत हात लावणार नाही." खोपटला एसटी डेपोच्या मागे वाढलेल्या संदेश-प्रीतमसारख्या पोरांनी कॅसेटवरची इंग्रजी नावं कधी वाचलीच नव्हती. टेट्रिस तो विटावाला, बॅटल सिटी टँकवाला आणि कॉन्ट्रा जंगलवाला. सगळं खोपट याच नावांनी भांडायचं.

संदेशने कॅसेट उलटी करून जोरात फुंक मारली.

"फुंकायचं नसतं," श्रिया मोबाइलमधूनच म्हणाली. "थुंकी जाते आत. गंजतं ते."

चौथं वाक्य! संदेशला एवढा आनंद झाला की त्या गडबडीत त्याने ओळ मोडली आणि टँकवालाच लावला. पडद्याच्या तळाशी विटांच्या आत एक पक्षी बसलेला, चारी बाजूंनी शत्रूचे टँक येणार आणि पक्ष्याला गोळी लागली की खेळ खलास. संदेश ओरडायला लागला, "कोंबडी सांभाळ! अगं, कोंबडी सांभाळ!"

"कुठली कोंबडी? तो गरुड आहे."

"असेल. आम्ही कोंबडी म्हणायचो."

श्रियाने एक गोळी झाडली, ती नेमकी कोंबडीला लागली. गेम ओव्हर. "हे काय पप्पा, किती स्लो आहे हे," म्हणून तिने रिमोट सोफ्यावर टाकला. संदेशला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मुकाट्याने त्याने विटावाला लावला. वरून पडणाऱ्या तुकड्यांना फिरवायचं, ओळ भरायची, बस्स. शिकवायला काही लागत नाही आणि सोडवत नाही, म्हणून नव्या पोरांना पहिला हाच द्यावा. प्रीतम खरा शहाणा! वीस मिनिटांत पोरीने बापाचा आकडा ओलांडला, तासाभरात दुप्पट केला. मोबाइल उशीखाली गेला. पण विटावाला एकट्याचा खेळ. ती खेळत होती आणि संदेश बाजूला बसून बघत होता, म्हणजे बापाचं काम इथेही बघ्याचंच.

साडेचारला त्याने मन घट्ट केलं आणि जंगलवाला लावला. यात दोन शिपाई, एक निळ्या चड्डीतला, एक लाल. दोघांनी मिळून जंगल, धबधबा, बर्फ सगळं पार करायचं. सुरुवातीच्या पडद्यावर त्याच्या बोटांनी आपोआप तीस लाइफची जुनी युक्ती दाबली. वर वर, खाली खाली आणि पुढचं सगळं. डोकं विसरलं होतं, बोटं विसरली नव्हती.

"चीटिंग!" श्रिया म्हणाली, पण हसली.

धबधब्याशी मात्र गाडं अडलं. तिथे वर वर चढायचं असतं, आणि एकजण भराभर चढला की पडदा वर सरकतो, मागे राहिलेला खालून कापला जातो. संदेशला जुनी खुमखुमी. तो सरसर वर गेला, श्रिया मेली. पुन्हा गेला, पुन्हा मेली. पाचव्यांदा ती किंचाळली, "तू वर गेलास की मी मरते! थांबता येत नाही का तुला?"

संदेश थांबला. मग तो प्रत्येक पायरीवर थांबत गेला, आणि थांबल्यामुळे वरून येणाऱ्या गोळ्या त्याला लागत गेल्या. पण श्रियाची लाल चड्डी शेजारी येऊन उभी राहायची, तेव्हा त्याला काय बरं वाटायचं म्हणून सांगू! पाच वाजून वीस मिनिटांनी त्याच्या तीसच्या तीस लाइफ संपल्या. श्रियाच्या बारा उरलेल्या.

"आता?"

"आता तू एकटी."

"मला एकटीला नाही जमणार. काहीतरी असेल ना?"

"आहे. मी हे बटण दाबलं की तुझी एक मला येते. याला लाइफ खाणं म्हणायचे आमच्यात. न विचारता खाल्ली तर मार बसायचा."

"मग मी सांगतेय ना. खा."

संदेशने खाल्ली. मग आणखी एक. मग दोन.

याच वेळी फोन वाजला. डोंबिवलीहून निघताना दीप्ती दर वेळी असाच फोन करायची. फोन स्पीकरवर टाकून संदेशने तो लेकीपुढे धरला. तिचे डोळे पडद्यावर, अंगठे बटणांवर.

"श्री, मी निघतेय गं. आवरलंस का?"

"आई, पप्पांनी माझी लाइफ खाल्ली! सगळी खाल्ली, मी मरतेय, नंतर बोलते," श्रिया एका दमात ओरडली आणि कोपराने फोन बंद केला.

संदेशच्या तोंडचं पाणी पळालं. दीप्तीचं घर अभ्यासू. वडील मास्तर, टीव्ही गेमची वायर त्या घराने पाहिली नव्हती. बाईला काय ऐकू आलं असेल? बापाने माझं आयुष्य खाल्लं, मी मरतेय. कोर्टाच्या आदल्या दिवशी! त्याने उलट फोन लावला. वाजून वाजून बंद. आणखी तीनदा लावला. बंद. ती स्कूटरवर असणार, माणकोलीच्या पुलावर, डोक्यात काय काय घेऊन वेड्यासारखी येत असणार.

"पप्पा, तू मेलास! लक्ष कुठाय तुझं?"

"श्रिया, तू आईला काय बोललीस कळलं का तुला?"

"काय बोलले? खाल्ल्यासच ना तू. चल ना, शेवटचा टप्पा आलाय!"

शेवटचा टप्पा आलेला हे खरं होतं. त्याने मेसेज टाकला, गेमबद्दल बोलत होती, काळजी करू नको. मेसेज पोचला, वाचला गेला नाही. पावणेसहा. बटण दाबता दाबता त्याचा एक कान लिफ्टकडे.

सहाला दहा कमी असताना बेल वाजली. वाजली म्हणजे काय, कोणी बोट काढायलाच तयार नव्हतं. संदेशने धावत दार उघडलं. दीप्ती हेल्मेटसकट उभी. दोन वर्षांत ती गेटच्या आत कधी आली नव्हती. तिने त्याला हाताने बाजूला सारलं आणि ती आत घुसली.

"श्रिया! काय झालं? काय केलं याने?"

"आई, थांब, बॉस आलाय," श्रिया म्हणाली. वळूनसुद्धा न बघता.

दीप्तीने लेकीकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, जमिनीवरच्या वायरींकडे बघितलं. मग तिने हेल्मेट काढलं. "अरे, अर्ध्या रस्त्यात जीव गेला माझा," ती संदेशला म्हणाली. आवाज असा फाटलेला, की त्याला वाटलं, आता ही रडेल नाहीतर मारेल. "लाइफ खाल्ली म्हणजे काय? कुठली भाषा ही?"

"खोपटची," संदेश म्हणाला. "गेममध्ये आपल्या संपल्या की दुसऱ्याची घेतात. दीप्ती, चुकलं माझं. मी फोन केला गं, चारदा केला."

दीप्तीने घड्याळाकडे पाहिलं. संदेशनेही पाहिलं. सहा वाजत आलेले. मागे एकदा श्रियाला बाहेर नेऊन परतताना कोपरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून सतरा मिनिटं उशीर झालेला, तो दीप्तीच्या कोर्टातल्या अर्जात छापून आला होता. संदेश वाकला आणि त्याने स्विचकडे हात नेला.

"बंद करू नको!" श्रियाने रिमोट छातीशी धरला.

"बाळा, वेळ झाली. पुढच्या वेळी."

"हे सेव्ह होत नाही! तूच सांगितलंस, बंद केलं की सगळं गेलं. तू नेहमी असंच करतोस. मधेच सोडून जातोस."

श्रिया लालेलाल झाली होती. बोलून गेली ते गेमबद्दल नव्हतं, हे तिघांनाही कळलं. संदेशचा हात स्विचवरच होता. दाबला तर वेळ पाळली जाणार, नाही दाबला तर उद्या अर्जात आणखी एक ओळ. आयुष्यभर त्याने असले हिशेबच बघितले, समोरचं माणूस कधी बघितलं नाही. त्याने हात मागे घेतला आणि तो लेकीशेजारी येऊन बसला. दीप्तीकडे न बघताच म्हणाला, "काय लिहायचं ते लिही. मी नाही बंद करणार."

दीप्तीने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

"खेळा मग," म्हणून ती चपलांसकट खुर्चीच्या कडेला टेकली.

श्रियाच्या दोन उरलेल्या. त्यातली एक तिने बापाला दिली. पडद्यावर एक भलंमोठं धडधडणारं काळीज, त्याला फोडायचं, आणि सगळीकडून किडे अंगावर येतायत. संदेश ओरडतोय, श्रिया ओरडतेय, आणि मधेच दीप्तीही ओरडली, "अगं वरून, वरून येतोय!" आधी निळी चड्डी पडली. लाल चड्डी एकटीच आणखी अर्धं मिनिट टिकली असेल. मग तीही पडली. काळीज तसंच धडधडत राहिलं आणि पडदा काळा झाला.

"शी!" श्रिया म्हणाली. "एवढंसं राहिलेलं."

ती उठली, बॅग घेतली, दाराशी बसून सँडल घालायला लागली. एक घातली, आणि दुसरी हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "उद्या त्या मॅडम विचारणारेत ना, पप्पांकडे जायचंय का म्हणून? मी नको सांगणार होते. पाठ करून ठेवलेलं."

"मी नाही हं शिकवलं," दीप्ती पटकन म्हणाली.

"तू नाही. माझं मीच. इथे बोअर होतं, हा नुसता बघत बसतो माझ्याकडे, काही बोलत नाही. असं सगळं पाठ केलेलं." तिने सँडलचा बंद ओढला. "पण आता तसं सांगितलं तर खोटं होईल. मग काय सांगू?"

संदेशने दीप्तीकडे पाहिलं, दीप्तीने संदेशकडे. दोघांच्याही वकिलांनी दोघांनाही तेच बजावलेलं असणार. दोघांनी ओठ गच्च मिटून घेतले. संदेशला बोलायचं होतं, हो म्हण, माझे आई, हो म्हण, पण तोंड उघडायची बंदी, आणि डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी यायला लागलं. लपवायलाही त्याला काही सुचलं नाही.

श्रिया उभी राहिली. बापाच्या तोंडाकडे तिने जरा वेळ नीट बघितलं.

"रडतोस काय," ती म्हणाली. "मी अजून हो म्हटलेलं नाहीये."