बघणारं माणूस

धनराज गेला त्या दिवशी दुर्गाला रडू आलं नाही. बरंही वाटलं नाही. जिनिंगमध्ये कापसाची गाडी घेऊन रांगेत उभा असताना त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. शेजारचा पोचू धावत सांगायला आला, तेव्हा दुर्गा चुलीपुढे बसली होती. तिनं तवा उतरवला, पदर खोचला आणि आधी सासूच्या हाताला धरलं. सासूचा हात थंडगार होता. दोन मुलगे होते तिला. धाकटा प्रफुल, दुर्गाचा नवरा, दीड वर्षापूर्वी मोटरसायकलवरून पडून गेला. आता थोरला.

गडचांदूरच्या बाजूला त्यांचं गाव. प्रफुल गेल्यावर दुर्गा, तिची चौथीतली पोरगी आणि सासू धुरपता, एवढंच घर राहिलं. वाटणी आधीच झाली होती. धनराज आणि त्याची बायको इंदुताई पलीकडच्या घरात राहत. यंदा चुनखडीच्या एका खदानीनं आसपासच्या गावांतल्या बायकांना डंपर शिकवायचं काढलं. दुर्गानं नाव दिलं. ही बातमी धनराजला लागली, तेव्हा तो सगळ्या आळीसमोर अंगणात उभा राहून हसला होता.

"बैलबंडी नाई हाकलता येत, अन् डंपर चालवते म्हने! पंधरा दिवसांत रडत घरी येशील. नाई आली तं नाव बदलीन माहं!"

धनराज मोठा दीर. दुर्गानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पण ते हसणं तिनं गिळलं नाही, साठवलं. त्या दिवसापासून तिचं सगळं शिकणं धनराजशी भांडत चाललं. क्लच सोडताना गाडीनं धक्का खाल्ला की तिच्या मनातला धनराज हसायचा. चढावर दम कमी पडला की धनराज म्हणायचा, बघ, म्हटलं नव्हतं? मग दात आवळून ती पुन्हा गिअर टाकायची. लोकेश सर शिकवायचे, ते म्हणत, "बाई, स्टिअरिंगचा गळा नका दाबू, गाडी आपली दुश्मन नाई." दुर्गा मान हलवायची आणि तसंच घट्ट धरायची. सोबतची चंदा तिला डब्यातली चटणी द्यायची, म्हणायची, "तू सगळ्यांत पयले पास होते, पाह्य." तेही दुर्गाच्या कानावरून जायचं. तिच्या कानात तेव्हा एकच आवाज होता.

आणि तो आवाज बंद पडला.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी दुर्गा खदानीत गेली, शिडी चढून डंपरमध्ये बसली, पट्टा लावला. समोर पांढऱ्या दगडाची भिंत, खाली खोदकाम करणारं यंत्र, सगळं नेहमीसारखं. तिनं मनात धनराजचा चेहरा शोधला. चेहरा आला, पण तो तिरडीवरचा, नाकात कापूस घातलेला. त्याच्याशी काय भांडणार? हात स्टिअरिंगवर नुसते पडून राहिले. लोकेश सरांनी खालून आवाज दिला तरी तिला कळेना, आता पुढे काय करायचं असतं. सर वर चढले, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज राहू द्या. घरी जा."

ती घरी आली आणि मग गेलीच नाही. कोणी विचारलं तर बरं नाही म्हणायची. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. भात खाल्ला तर भात, नाही खाल्ला तरी चालायचं. पोरगी शाळेतून येऊन काहीबाही सांगायची, दुर्गा हं म्हणायची आणि काय ऐकलं ते लगेच विसरायची. चंदा एकदा संध्याकाळी येऊन बसली. "परीक्षा आली, दुर्गे. सरांनी तुहं नाव काटलं नाई अजून." दुर्गा तिच्याकडे बघत राहिली. चंदा चहा पिऊन गेली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी धुरपता ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दुर्गा भिंतीला टेकून. 

"उद्या जात नाईस का?" धुरपतानं विचारलं.

"नाई."

"काऊन?"

"कोनाले दाखवाचं आता, आत्याबाई? ज्याले दाखवाचं होतं तो गेला."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण हे कोणापुढे बोललो. ज्याच्या तेरवीला महिनाही झाला नव्हता, त्याच्या आईपुढे. पण धुरपता रागावली नाही. तिनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"तो बोलला ते मीबी आयकलं. पोटचा होता माह्या, पन तोंडाचा फाटका. त्याच्या बोलन्यावर तू येवढी मेहनत केली?"

"हो."

"अन् मी?"

दुर्गानं वर पाहिलं.

"रोज पहाटे बॅटरी घेऊन तुह्यासंग फाट्यापावतर कोन येत होतं? कुत्रे कोन हाकलत होतं? बस वळून दिसेनाशी होयेपर्यंत मी तिथीच उभी राहत जाओ. तुनं एकदाबी मागं वळून पाह्यलं नाई. मी म्हनो, पोरीच्या डोक्यात काम हाय, नसंल पाह्यत. मी दिसलीच नाई का तुले?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारात भाव विचारावा तसं ती विचारत होती. दुर्गाला आठवू लागलं आणि आठवताना अवघड वाटू लागलं. फाट्यावरची थंडी आठवत होती, बसचा दिवा आठवत होता. शेजारी चालणारी म्हातारी आठवत नव्हती. ती तर रोज होती.

"दोन पोरं गेले माहे," धुरपता म्हणाली. "आता मले दिसाले तूच हायेस. जाची नसंल तं नको जाऊ. पन कोनी पाह्यत नाई असं नको म्हनू."

दुर्गानं सूप पुढे ओढलं आणि ती पण शेंगा सोलू लागली.

पहाटे ती उठली. उत्साह वगैरे नव्हता, अंग तसंच जड होतं. फाट्यापर्यंत दोघी चालत गेल्या. बस आली, दुर्गा चढली, आणि खिडकीतून तिनं मागे पाहिलं. धुरपता पाचोळ्यात उभी होती, डोक्यावरून शाल, हातात बॅटरी. विझवायला विसरली होती.

परीक्षेत भरलेला डंपर उलटा घेत दगड फोडणाऱ्या क्रशरच्या तोंडाशी लावायचा होता. दुर्गा बसली. डोक्यात कोणी हसलं नाही. इतकी शांतता तिला नवीन होती. त्या शांततेत इंजिनचा आवाज कधी भरतो, कधी हलका होतो ते तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. तिनं स्टिअरिंग सैल धरलं. पहिल्या वेळी डंपर थोडा तिरपा गेला. ती थांबली. आरशात चंदा दिसली, दूर उभी, दोन्ही हात वर करून. लोकेश सरांनी खूण केली, पुढे घ्या, पुन्हा. तिनं पुढे घेतला आणि पुन्हा मागे आणला. या वेळी सरळ लागला. दगड धडधडत खाली गेले, धूळ उठली, आणि सर म्हणाले, "झालं."

दुर्गा पास झाली. चंदाही झाली. चंदानं तिला मिठी मारली तेव्हा दुर्गाला खूप काही वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही. पण चंदाच्या पाठीवर हात फिरवावासा वाटला, आणि तिनं फिरवला.

घरी आली तेव्हा धुरपता अंगणात तूर वाळवत होती.

"झालं, आत्याबाई."

"झालं? बस मंग. पानी पे." धुरपतानं तांब्या आणून दिला आणि समोर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तेवढ्या उचावर बसलं का काय काय दिसते वं?"

असं दुर्गाला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती विचार करून सांगू लागली. माणिकगडाचा डोंगर दिसतो. रस्ता दोरीसारखा दिसतो. माणसं कमरेपर्यंतच दिसतात, म्हणून सारखा हॉर्न द्यावा लागतो.

"आपलं वावर?"

"दिसते. वरच्या वळनावरून दिसते."

"धनराजचं?"

"तेबी दिसते. कापूस फुटून पांढरं झालं हाय. कोनी येचला नाई."

धुरपताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेरवीलाही आलं नव्हतं. ती तोंड न झाकता रडत राहिली. दुर्गा उठून तिच्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लागेल अशी. आतून पोरगी आली आणि दोघींकडे बघून दारातच उभी राहिली.

"रविवारी सुट्टी हाय मले," दुर्गा म्हणाली. "इंदुताईले सांगतो. आपन तिघी मिळून येचून टाकू."

धुरपतानं नाक पुसलं आणि दारातल्या पोरीकडे पाहिलं. "कापूस घालाले चार ओट्या लागतीन," ती म्हणाली. "जुन्या लुगड्याच्या शिवतो मी."