पहिल्या खिळ्यावरची किल्ली

“भिंतीची नुसती चाळण झालीय,” तोंडात दोन खिळे धरून मेस्त्री पुटपुटले. “उद्या रस्त्यात कुणी जोरात शिंकलं, तर गिलाव्यासकट सगळं गाव आपल्या डोक्यावर येईल.”

हे भिंतीला उद्देशून होतं. पण काकू स्टूल धरून उभ्या होत्या आणि त्यांचा कान मेस्त्रींच्या गुडघ्याशीच होता, त्यामुळे न ऐकून सांगता कुणाला!

“मग नाही म्हणायचं होतं चष्मेवाल्यांना.”

“मी? किल्ली कुणाच्या हातात दिली त्यांनी? तुझ्या. आणि तू काय म्हणालीस? ‘या सावकाश, घर कुठे पळून जातंय!’”

“दुसरं काय म्हणणार?”

मेस्त्रींनी त्रेचाळिसावा खिळा ठोकला आणि त्यावर चष्मेवाल्यांच्या घराची किल्ली अडकवली.

मेस्त्रींचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे दोघांचा संसार आणि वर, बाहेरच्या जिन्याने चढून जायचं, ते मुलाचं बिऱ्हाड. बाटल्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा गल्लीतून सगळ्यात आधी मुलगाच बाहेर पडला, बायको आणि दोन सुटकेसा घेऊन. “दोन वर्षं काढतो आणि आलोच,” म्हणाला. त्याची किल्ली मेस्त्रींनी दुकानाच्या भिंतीवर टांगली, तो पहिला खिळा. याला अकरा वर्षं झाली.

मग शेजारी निघाले. त्यांनी ती किल्ली टांगलेली पाहिली आणि त्यांना वाटलं, ही सोयच आहे. तेव्हापासून गाव सोडणारा प्रत्येक जण सामान चढवून झालं की दुकानाच्या पायरीवर यायचा, किल्ली काकूंच्या हातावर ठेवायचा आणि “आलोच” म्हणायचा. काकू “या सावकाश” म्हणायच्या. रडारड नाही, निरोप नाही. चार दिवसांच्या लग्नाला निघाल्यासारखी माणसं जन्माची निघून जायची.

काकूंनी हे काम मनावर घेतलं होतं. रोज आठ-नऊ घरं उघडायची, खिडक्या लोटायच्या, नळ सोडून गढूळ पाणी जाऊ द्यायचं आणि प्रत्येक घरात पाच मिनिटं खुर्चीत बसायचं, घराला माणसाचा वास राहावा म्हणून. डॉक्टरीणबाईंच्या घड्याळाला त्या किल्ली द्यायच्या. हेडमास्तरांच्या पुस्तकांवरून फडकं फिरवायच्या आणि त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांना चार शब्द ऐकवायच्या. हेडमास्तर इथे असताना ते धाडस कधी झालं नव्हतं. महिन्याच्या एक तारखेला मेस्त्री तेलाची बुधली घेऊन निघायचे आणि प्रत्येक कुलपात दोन थेंब सोडून यायचे.

शुक्रवारची दुपार वरच्या बिऱ्हाडाची. धुतलेल्या चादरी घेऊन काकू जिना चढायच्या आणि बदललेल्या घेऊन खाली यायच्या.

निदान सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तसं होतं. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी मुलाचा फोन आला. मेस्त्री आंघोळीला गेले होते.

“आई, आम्ही इथे घर घेतलं. पोरांच्या शाळेजवळ. आता काही तिकडे यायचं होत नाही गं. तुम्हीच या म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही. फक्त बाबांना इतक्यात सांगू नकोस. मनाला लावून घेतील.”

काकूंनी नाही सांगितलं. माणूस ऐन जेवताना “पोरगा आला की वरच्या गच्चीला पत्रा घालू” म्हणतो, त्याला काय सांगायचं? त्या शुक्रवारी काकू चादरी घेऊन वर गेल्या, पण कुलूप काढायला हात होईना. सगळ्यात वरच्या पायरीवर चादरी मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसल्या आणि त्याच चादरी घेऊन खाली आल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी तेच. चादरी बिचाऱ्या अंगाखाली न जाताच धुतल्या जाऊन विरायला आल्या होत्या.

तर चष्मेवाल्यांची किल्ली टांगून मेस्त्री स्टुलावरून उतरताहेत तोच गल्लीत ट्रक शिरला.

समोरचे टेलरमास्तर गळ्यात टेप घेऊन बाहेर आले. “आता कोण चाललं?” त्यांचा हा प्रश्न इतका सवयीचा होता की तो विचारायला ते मान वर करत नसत.

ड्रायव्हरने ट्रकचा मागचा फाळका पाडला, एक लाकडी पेटी ओढून रस्त्यावर ठेवली आणि दुसरी आणायला वळला. मास्तरांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी मास्तरांकडे. अकरा वर्षांत या गल्लीने इतकं सामान ट्रकमध्ये चढवलं होतं की हात आपोआप पुढे झाले. दोघांनी पेटीला दोन बाजूंनी हात घातला आणि ती परत ट्रकमध्ये ठेवली. ड्रायव्हरने दुसरी उतरवली. यांनी तीही चढवली.

“अहो, काय चाललंय काय?” ट्रकच्या पुढून एक बाई धावत आली. चाळिशीची, बाह्या सरसावलेली, नखांमध्ये पांढरं प्लॅस्टर बसलेली. “उतरवायचंय! आम्ही आलोय!”

“कुठे?” मास्तरांनी विचारलं.

“इथे!”

“का?” हे मात्र मास्तरांच्या तोंडून अगदी मनापासून गेलं.

“मी दातांच्या कवळ्या करते,” बाई म्हणाली. “मोठ्या शहरात गल्लीगणिक कवळीवाले. कुणीतरी म्हणालं, त्या गावातली तरुण माणसं सगळी गेली, नुसती म्हातारी उरलीत. म्हटलं, मग आपण तिथेच पाहिजे.”

मास्तरांनी झटकन तोंड मिटलं. त्यांची वरची कवळी दोन वर्षांपूर्वी मोडली होती; तेव्हाच इथला कवळीवाला सतरा नंबरच्या खिळ्यावर किल्ली ठेवून “आलोच” म्हणून गेला होता. मग मास्तरांनी हळूच तोंड उघडलं आणि भर रस्त्यात, उजेडाकडे वळून, बाईला आत डोकावू दिलं.

“आठ दिवस लागतील,” बाई म्हणाली. “जबडा छान आहे तुमचा.”

गेल्या कित्येक वर्षांत मास्तरांच्या कशालाही कुणी छान म्हटलं नव्हतं. तिथून पुढे ते पूर्णपणे तिच्या बाजूचे झाले.

“घर कुठलं घेतलंत?” काकूंनी विचारलं.

“ते कुठे घेतलंय? अर्धं गाव रिकामं आहे म्हणे. म्हटलं, जाऊ आणि आवडेल ते बघू.”

“रिकामं?” काकूंना ते लागलंच. “रिकामं नाही हो काही. बंद आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे माणसं यायचीयत.”

तरी पाहुण्यांचा मान म्हणून काकूंनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला आणि तिला घरं दाखवायला नेलं. कवळीवालीची आई ट्रकमध्येच बसून राहिली. या म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि पोटच्या पोरीने केलेली कवळी पर्समध्ये रुमालात बांधलेली होती. “बोचते,” ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “पण तिला सांगू नका.”

डॉक्टरीणबाईंचं घर बघून कवळीवाली खूश झाली. “इथे माझं टेबल, खिडकीशी उजेड.”

“तिथे बाईंचा पियानो असतो.”

“कुठाय?”

“घेऊन गेल्यात. पण परत आणतील तेव्हा?”

बँकवाल्यांच्या घरात काकूंना आठवलं की त्यांच्या मुलीचं बाळंतपण इथे व्हायचंय. मुलगी आता पन्नाशीला टेकली होती. हेडमास्तरांच्या दारातून तर काकूंनी तिला आत घेतलंच नाही, नुसतं वाकून बघू दिलं. अकरा घरं झाली. कवळीवाली मागून चालत होती. शेवटी एका ओट्यावर बसून तिने चपला काढल्या.

“काकू, एक सांगा. यांतलं शेवटचं कोण परत आलं?”

काकूंनी जुडग्यातल्या किल्ल्या उगाच एकेक सरकवल्या. “मी फोन करून विचारते,” त्या म्हणाल्या.

दुकानात येऊन त्यांनी फोन लावले. डॉक्टरीणबाईंना किल्ली आठवेना. “कसली किल्ली? कुठलं घर?” असं दोनदा विचारून त्या म्हणाल्या की नंबर चुकला असेल. बँकवालीण म्हणाली, “अगंबाई, उभं आहे का अजून? ह्यांना विचारून सांगते हं,” आणि तिने फोन ठेवला तो ठेवलाच. हेडमास्तर म्हणाले, “स्वयंपाकघराचा नळ सोडता ना? तो अडतो. कुणाला देऊबिऊ नका. पुढच्या वर्षी मी येतोच आहे.” हेडमास्तर ब्याऐंशी वर्षांचे होते.

“काय म्हणाले?” मेस्त्रींनी विचारलं. ते कानसने एक किल्ली घासत होते. सकाळपासून तीच.

“विचारून सांगतो म्हणाले,” काकू म्हणाल्या. “सगळेच.”

साडेतीन वाजले. ड्रायव्हरने सांगून टाकलं की चारला तो निघणार, सामानासकट की सामानाशिवाय ते तुमचं तुम्ही बघा. कवळीवालीने पदर खोचला आणि पेट्या परत चढवायला लागली. एक पेटी हातातून निसटून उघडली आणि प्लॅस्टरचे पंचवीस-तीस जबडे गल्लीभर घरंगळले. मास्तर ओणवे होऊन एकेक जबडा गोळा करत होते आणि पुसून देत होते. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

ट्रकच्या खिडकीतून म्हातारीने मान बाहेर काढली. “आणि ते वरचं कुणाचं?”

मास्तर हातातल्या जबड्याचे दात मोजू लागले. मेस्त्रींची कानस थांबली.

“मुलाचं आहे,” ते म्हणाले. “येणार आहे तो.”

“कधी?”

“येईल की. काय गं, येणार आहे ना?”

“येईल ना,” काकू म्हणाल्या. “न यायला काय झालं!”

बोलल्या आणि त्यांना तिथे उभं राहवेना. शुक्रवार होताच. त्यांनी मागच्या खोलीतून चादरी उचलल्या, पहिल्या खिळ्यावरची किल्ली घेतली आणि जिना चढल्या. म्हटलं, नेहमीसारखं दहा मिनिटं बसावं, तोवर ट्रक जाईल. पण वरच्या पायरीवर बूड टेकणार तोच मागून धापा ऐकू आल्या. म्हातारी कठड्याला धरून वर येत होती.

“मला घ्यायचं नाहीये,” ती म्हणाली. “नुसतं बघते. सकाळपासून ट्रकमध्ये बसून माझी हाडं खिळखिळी झालीत. खुर्ची तरी असेल ना आत?”

आता बसून चालणार नव्हतं. काकूंनी कुलपात किल्ली घातली. फिरेना. काढून पुसली, परत घातली. दोन्ही हातांनी जोर लावला. कुलूप ठार कोरडं होतं. गावभरची बेचाळीस कुलपं लोण्यासारखी उघडत होती, आणि मेस्त्रींच्या स्वतःच्या घरचं कुलूप गंजलं होतं.

“अहो!” काकूंनी वरून हाक मारली. “तेलाची बुधली आणा.”

मेस्त्री एकेक पायरी चढत आले. किल्ली हातात घ्यायला त्यांनी बुधली खाली ठेवली, न बघता, आणि ती नेमकी वरच्या पायरीवरच्या एका काळपट गोल डागावर बसली. जणू तिच्यासाठीच तो आखला होता. तेलाचा डाग, चांगला मुरलेला. काकू सहा महिने त्याच डागावर बसत आल्या होत्या.

एक तारखेला हा माणूसही इथवर येत होता. बुधली खाली ठेवून बसत होता आणि कुलपाला हात न लावता खाली जात होता.

मेस्त्रींनी कुलपात तेल सोडलं. किल्ली कुरकुरली आणि फिरली. आत कोंदट वास होता, पलंगावर बोटभर धूळ. म्हातारीने धुळीत एक बोट ओढून पाहिलं आणि सरळ खुर्ची गाठली.

मेस्त्रींनी पलंगाकडे पाहिलं, मग काकूंच्या हातातल्या पांढऱ्याशुभ्र चादरींकडे.

“तू चादरी बदलत होतीस ना?”

“तुम्ही तेल घालत होतात ना?”

“तुला त्याने कधी...”

“तुम्ही आंघोळीला गेला होतात. आणि तुम्हाला?”

“तू हेडमास्तरांच्या घरी होतीस,” मेस्त्री म्हणाले. “म्हणाला, आईला इतक्यात सांगू नका.”

“गच्चीवर पत्रा कसला घालत होतात मग?”

“तुला बरं वाटावं म्हणून.”

“भांडायचं तर जिन्यात जाऊन भांडा,” म्हातारी म्हणाली. “खुर्ची चांगली आहे.”

खाली फाळका लागल्याचा आवाज आला. ड्रायव्हर गाडी सुरू करत होता. काकूंनी चादरी मेस्त्रींच्या हातात कोंबल्या, कठड्यावर ओणव्या झाल्या आणि समोरच्या गल्लीला, मास्तरांना, सगळ्या बंद खिडक्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडल्या,

“ए ड्रायव्हर, थांब! उतरव सामान! आमचा मुलगा आता परत येणार नाहीये!”