चिंगी बसत का नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. सायकलची. चामड्याची आणि तपकिरी. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव काळजीखोर आहे. सायकलच्या दिव्याला पुढचं दिसतं, घंटीला बोलता येतं. मी मात्र चालत्या सायकलवर कुणाच्या तरी खाली दडपलेली. माणूस मला वजनावरून कळतो. घाबरलेला पुढे सरकून बसतो, दमलेला मागे रेलतो, आणि ज्याला दुखतंय तो सारखी जागा बदलत राहतो. हे मला सगळ्यांच्या आधी कळतं आणि कुणाला सांगता येत नाही. मग काळजीच करायची, दुसरं काय?

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. जाड चामडं पाण्यात भिजवून साच्यावर ताणलं, सुकवलं आणि कडेनं तांब्याचे रिव्हेट ठोकले. माझ्या पुढच्या निमुळत्या टोकाला नाक म्हणतात. नाकाखाली एक बोल्ट आहे, चामडं सैल पडलं की तो थोडा आवळायचा. तयार झाले तेव्हा मी फळीसारखी कडक होते. दुकानात लोक मला बोटानं ठोकून बघत आणि तोंड वाकडं करून निघून जात. आपल्याला कुणी नेणारच नाही, ही माझी पहिली काळजी.

शेवटी मला एका उंच तरुणानं नेलं. घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायची त्याची नोकरी होती. पुढे सगळी वस्ती त्यांना मीटरकाका म्हणू लागली, म्हणून मीही तसंच म्हणते. पहिले काही आठवडे आम्हा दोघांना फार जड गेले. ते माझ्यावर बसत आणि लगेच उठत. मी जीव मुठीत धरून होते, की आता मला काढून फेकतात. पण त्यांनी फेकलं नाही. सुट्टीच्या सकाळी ते मला मेण चोळत, पावसात वर मेणकापड बांधत. हळूहळू चामड्यावर त्यांच्या बसण्याचे दोन उथळ खळगे पडले आणि आमचं जमलं. कुणी सायकल मागितली तर ते म्हणत, "सायकल ने, पण सीट काढून ठेवतो." एवढं कौतुक मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही.

मग ते निवृत्त झाले. सायकल जिन्याखाली गेली. मेण थांबलं, चामडं कोरडं पडलं, एका बाजूला बारीक तडे गेले. येणाऱ्या-जाणाऱ्या पायांचे आवाज ऐकत मी वर्षं काढली. एक दिवस त्याच जिन्यावरून मोठा धडधड आवाज झाला. मीटरकाका पाय घसरून पडले होते.

त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्यांना नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवतात. डॉक्टर म्हणाले, "घरचा जिना चढता आला की घरी जायचं. रोज चालले नाहीत तर पाय आखडतील, मग मात्र कठीण आहे." आता झालं असं, की मीटरकाका नर्ससाठी उठत नसत, जावयासाठीही उठत नसत. "दमलोय, उद्या बघू," एवढंच. ते उठत ते फक्त मुलीचा हात धरून.

मुलीचं घरातलं नाव चिंगी. चाळिशी ओलांडली तरी चिंगीच. ती सोफे बनवण्याच्या कारखान्यात गाद्या भरते. सुरुवातीला ती रजा काढून बसनं जायची. रजा संपली, आणि संध्याकाळी तिचं काम सुटायच्या आधी पलीकडे जाणारी शेवटची बस गेलेली असे. मग एके दिवशी तिनं सायकल बाहेर काढली. नवऱ्यानं टायर बदलून दिले, चेन पुसली आणि विचारलं, "शाळा सुटल्यापासून सायकलवर बसलीस तरी का?"

"सायकल काय कुणी विसरतं?" ती म्हणाली.

सायकल ती विसरली नव्हती. पण मी तिच्या वडिलांच्या उंचीवर होते, वडिलांच्या खळग्यांसह, आणि वाळून कडक झालेली. पेडल खाली गेलं की तिचा पाय पुरत नसे. ती एकदा डावीकडे कलंडे, एकदा उजवीकडे. प्रत्येक फेऱ्याला माझी कड तिला घासत होती. पहिल्या दिवशी नदीचा पूल येईपर्यंत ती जागा बदलू लागली. दुसऱ्या दिवशी पुलाच्या आधीच. मला कळत होतं की हिला मीच छळतेय, आणि मी काहीच करू शकत नव्हते. मला रडू येत असतं तर मी रडले असते.

चिंगीनं तिला येत होता तो उपाय केला. त्यांच्या कारखान्यात गिऱ्हाईक म्हणालं, "सोफा टोचतो," की उत्तर एकच, "भर वाढवा." तिनं माझ्यावर फोमचा एक थर बांधला. दुखणं वाढलं. तिनं दुसरा थर चढवला, वरून मखमली खोळ शिवली, नाडी ओढून घट्ट बांधली. दिसायला झकास. नवरा म्हणाला, "आता फक्त हात टेकायला दांडे लाव, म्हणजे पाहुणे बसवता येतील." पण मित्रांनो, फोममुळे मी आणखी उंच झाले आणि ती आणखी कलंडू लागली. शिवाय मऊ फोममध्ये ती खोल रुतायची. ज्या हाडांवर वजन पडायला हवं ती राहिली बाजूला आणि नाजूक जागा चेपली जाऊ लागली. खाली गुदमरून मी फक्त तिची चुळबुळ मोजत होते.

आता खरी काळजीची गोष्ट सांगते. शुश्रूषागृहाला लांब व्हरांडा आहे. चिंगी सायकल कठड्याला लावते आणि तिथेच खुर्चीत मीटरकाका वाट बघत असतात. त्यामुळे मला सगळं दिसे. पूर्वी बसनं यायची तेव्हा म्हणे ती त्यांना व्हरांड्यात चालवायची आणि मग शेजारच्या लाकडी बाकावर बसून तासभर गप्पा मारायची. सायकल सुरू झाल्यापासून ती बसेचना.

"बस की," ते म्हणत.

"नको, बरी आहे उभी."

"दमली असशील."

"दिवसभर बसूनच तर काम करते."

ती कठड्याला रेलून या पायावरून त्या पायावर भार बदलत राही आणि लवकर निघे. बापाला काय सांगणार, कुठे दुखतंय ते? तिनं नर्सलाही सांगितलं नाही. एकदा ती त्यांचा पेला विसळायला आत गेली तेव्हा मीटरकाका नर्सला म्हणाले, "तिला हल्ली घाई असते. माझी कटकट झाली असेल."

तसं नाहीये काका, मी मनातल्या मनात ओरडत होते. पण सीटचं मन, ऐकतंय कोण?

दुसऱ्याच संध्याकाळी ते चिंगीला म्हणाले, "रोज येत जाऊ नकोस. तुला तुझा संसार आहे. रविवारी आलीस तरी पुष्कळ झालं."

"आणि चालणार कोणाबरोबर?"

"चालीन मी. नर्स आहे."

चालणार नव्हते. तिलाही माहीत होतं, मलाही. ती "बरं" एवढंच म्हणाली आणि सायकल घेऊन निघाली. मित्रांनो, त्या दिवशी घरापर्यंत ती माझ्यावर बसलीच नाही. पेडलवर उभी राहून गेली. मध्येच ती नाक ओढत होती. माझ्यावर कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं आणि इतकं वाईटही.

पुढचे काही दिवस सायकल जिन्याखालीच राहिली. चिंगीची कातडी सोलवटली होती. नवरा म्हणाला, "ती सीट भंगारात देऊन टाक. चांगली रुंद गुबगुबीत आणू." मी रात्रंदिवस कान देऊन होते. भंगारात जायची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती तिकडची होती. खुर्चीत बसून बसून त्यांचे पाय आखडत असतील. आणि या सगळ्याला कारण कोण, तर मी.

मग एका संध्याकाळी चिंगीनं सायकल काढली. रविवार नव्हता. ती बसली नाही, हँडल धरून चालतच निघाली, पूल ओलांडून, सगळा रस्ता. सायकल का घेतली ते मला समजेना. कदाचित परतताना अंधार झाला तर, म्हणून. कदाचित मला वाटेत भंगारवाल्याकडे सोडायला, म्हणून. भंगाराचं दुकान आलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. ती तिथे थांबली, घाम पुसला आणि पुढे गेली.

मीटरकाकांनी तिला फाटकातूनच येताना पाहिलं. ते बराच वेळ टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "चिंगे, अशी फेंगडी का चालतेस?"

"काही नाही. बूट लागतोय."

"बूट," ते म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी हसले. "ही सीट नवी होती तेव्हा मी तुझ्या आईला सांगितलं होतं, पाय मुरगळलाय. महिनाभर तिनं रोज माझा घोटा शेकला. घोट्याला काही झालं नव्हतं."

चिंगी लाल झाली. मग म्हणाली, "बाबा, मला बसवतच नाही हो."

"म्हणून उभी राहायचीस?"

"मग काय सांगणार होते तुम्हाला?"

मीटरकाकांचं हसू ओसरलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, तुला माझ्याजवळ बसावंसं वाटत नाही."

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्यावरच्या मखमली खोळीकडे. "हे काय घातलंयस? सीट आहे की सिंहासन? थांब, बघू दे."

आणि ते उठले. नर्स नाही, हात नाही. कठडा धरून उठले, एक पाऊल टाकलं आणि सगळा भार माझ्यावर दिला. मित्रांनो, आमचा स्टँड ढिला आहे. सायकल सरकली असती तर पुन्हा तेच हाड. माझी शुद्ध हरपायची वेळ आली. पण चिंगीनं झेप घेऊन हँडल धरलं, आणि मी त्यांच्या पंजाखाली घट्ट राहिले. ते वजन मी लगेच ओळखलं. हलकं झालं होतं, पण तेच होतं.

त्यांनी खोळ सोडवली, फोम काढला. माझ्या मागे लटकणारी त्यांची जुनी हत्यारांची पिशवी खोळीखाली दबून होती, तिच्यात पाना तसाच होता. त्यांनी सांगितलं, चिंगीनं पाना फिरवला. मी खाली आले, तिच्या पायाला पुरेन एवढी. माझं नाक वर उठलं होतं, ते सपाट केलं. "हाडांवर बसायचं, मांसावर नाही," ते म्हणाले. "खड्डा दिसला की पेडलवर उठायचं. आणि जखम भरेपर्यंत हात लावायचा नाही हिला. चालत ये, रिक्षानं ये, पण ये."

तेवढ्यात चिंगीला एकदम काहीतरी आठवलं. ती आपल्या जाड पँटची शिवण चाचपू लागली. "काय बाई मी तरी. सोफ्याच्या बसायच्या जागी आम्ही कधी शिवण येऊ देत नाही. आणि स्वतः नेमकी शिवणीवरच बसतेय."

जखम भरली. तिनं स्वतःसाठी मऊ, मध्ये शिवण नसलेली पँट शिवली. घरी आल्याबरोबर ती कपडे बदलते, धुते. सुरुवातीला अर्धा रस्ता बसून, अर्धा चालत, मग सगळा बसून. मला मेण मिळालं. माझ्यावर आता जुन्या खळग्यांच्या आत दोन लहान खळगे उमटू लागलेत. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. चढावर ती अजून थोडी जागा बदलते आणि माझा जीव खालीवर होतो.

मीटरकाकांचं चालणंही आता माझ्याबरोबर असतं. चिंगी हँडल धरते, ते माझ्यावर हात ठेवतात, आणि तिघं फाटकापर्यंत जाऊन येतो. पुढच्या आठवड्यात डॉक्टर त्यांना जिना चढायला लावणार आहेत. जिन्यावर मला नेता येत नाही, त्यामुळे मला आत्तापासून झोप नाही.

मुलांनो, तुमच्या सायकलच्या सीटला पावसात झाकत जा, कधीमधी मेण लावा, तिची उंची आपल्या पायाला बघून ठरवा. एवढं केलंत तरी आम्ही जन्मभर साथ देतो. आणि दुखत असेल तर सांगा. जागा लाजेची असली तरी सांगा. तुम्ही उभे का राहता याचा अर्थ समोरचं माणूस आपल्या मनानं लावत बसतं, आणि तो बहुतेक चुकीचाच असतो.

आज चिंगी आली तेव्हा आभाळ भरलं होतं. तिनं सायकल कठड्याला लावली, मीटरकाकांना फाटकापर्यंत नेऊन आणलं, खुर्चीत बसवलं. मग त्यांच्या शेजारच्या लाकडी बाकावर ती सहज बसली, ओठ न आवळता, आणि कारखान्यातली कसलीशी गंमत सांगू लागली. माझ्यावर मेणकापड टाकायला ती विसरली होती. पहिले थेंब माझ्या नाकावर पडले. म्हटलं, पडू देत. तिला उठवू नका.