विनीच्या लेकीचं लग्न

बाराव्या वर्षापासून साइव्ह दर शनिवारी आईबरोबर आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या वेशीबाहेर, कॅराव्हॅनच्या म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीवर जायची. तिथे ट्रॅव्हलर समाजाची माणसं राहत, पिढ्यान्‌पिढ्या फिरस्तीवर जगलेली, शाळेनं कधी जवळ न केलेली. आई, ब्रीड, तिथल्या बायकांना वाचायला शिकवायची. साइव्ह पोरांचा अभ्यास घ्यायची. सुरुवातीला ती कुरकुरतच गेली. मग आईकडे वाचायला शिकणाऱ्या विनीच्या चहाची आणि थट्टेची गोडी लागली.

साइव्ह सोळाची झाली त्या वसंतात विनीच्या लेकीचं लग्न ठरलं. विनी शहरातल्या एका हॉटेलात जाऊन जेवणाचं पक्कं करून आली. दुसऱ्याच दिवशी हॉटेलातून फोन: छताचं काम निघालंय, हॉल मिळणार नाही.

हे कळल्यावर ब्रीडनं घरी येऊन अंगातला कोटही न काढता तिथे फोन लावला आणि स्वतःच्या नावानं तीच तारीख मागितली. हॉल मोकळा होता. पाहुणे किती, एवढंच पलीकडून विचारलं. आईनं फोन आपटून ठेवला. साइव्हनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

साइव्हला वाटलं, आता तक्रार होणार. पण शनिवारी वस्तीवर विनी म्हणाली, "राहू दे गं. पोरीच्या लग्नाआधी बोभाटा नको."

परतताना साइव्ह आईवर उखडली. "म्हणजे आपण गप्प बसायचं?"

"अपमान तिचा झालाय," ब्रीड म्हणाली. "लढायचं का, कधी लढायचं, ते ती ठरवेल. तिनं हाक मारली की आपण हजर. तोवर आपला राग आपल्यापाशी."

लग्नाचं जेवण चर्चमागच्या दालनात झालं. सगळे नाचले. विनीची नजर मात्र सारखी दाराकडे, कुणी येऊन हाकलून देईल की काय अशी.

पुढच्या महिन्यात ती ब्रीडच्या दारात उभी राहिली. हॉटेलविरुद्ध तक्रार केलीय, साक्ष देशील का, एवढंच विचारलं. ब्रीडनं मान डोलावली. जिन्यावरून साइव्ह म्हणाली, "मीही देईन. तो फोन मी ऐकलाय."

सुनावणीत हॉटेलचा वकील विनीला असे प्रश्न विचारत राहिला, की गुन्हा जणू तिचाच. साइव्हची कानशिलं तापली. विनी शांतपणे एकेक उत्तर देत गेली. निकाल तिच्या बाजूनं लागला. माफीही आली, कोरडी, दोन ओळींची. पण साइव्हचा मामा त्याच हॉटेलात कामाला होता. त्यानं ब्रीडशी बोलणं टाकलं. त्या नाताळला त्याची खुर्ची रिकामी राहिली, आणि आई स्वयंपाकघरात जरा जास्तच वेळ रेंगाळली.

भांडी पुसता पुसता साइव्हनं तिला सांगितलं, की आपण कायदा शिकणार.

"त्या वकिलासारखं व्हायला?" ब्रीडनं विचारलं.

"त्याच्यासमोर उभं राहायला," साइव्ह म्हणाली.